दंड : शून्य डॉलर

[दृश्य : डेलावेअर नदीवरचा लोखंडी पूल, सकाळची वर्दळ. पुलाच्या अंगावरची मोठाली अक्षरं.]

न्यू जर्सीची राजधानी ट्रेंटन आणि तिच्या वेशीवरचा हा पूल. 'ट्रेंटन मेक्स, द वर्ल्ड टेक्स' असं त्याच्या अंगावर लिहिलंय. आम्ही बनवतो आणि जग नेतं, अशी कारखानदारीच्या दिवसांतली फुशारकी. ते दिवस गेले, अक्षरं राहिली. पूल ओलांडायला गाडीने दोन मिनिटंही लागत नाहीत. पलीकडचा काठ पेनसिल्व्हेनियाचा.

अलीकडच्या काठावर राहणाऱ्या माणसाकडे आरोग्य विमा नसेल आणि कुठली सूटही लागू नसेल, तर राज्य सरकार त्याला टॅक्सबरोबर दंड लावतं. पलीकडच्या काठावर विम्यावरून कुणी हटकत नाही.

न्यू जर्सीतल्या एडिसन गावच्या मराठी घरांना हे ठाऊक आहे. राज्याचं टॅक्स रिटर्न भरताना घरातल्या प्रत्येकाला वर्षभर विमा होता का, हे सांगावं लागतं. नोकरीतून विमा मिळालेला असतो, त्यामुळे बहुतेक जण खूण करतात आणि पुढच्या ओळीकडे वळतात. टेक्सासातून बदली होऊन आलेला मात्र तिथे अडतो, कारण त्याला हा प्रश्न कधी कुणी विचारलेलाच नसतो. बोस्टनहून आलेल्याला सवय असते. तिथे विमा असल्याचा 1099-एचसी नावाचा कागद दरवर्षी इन्शुरन्स कंपनीकडून घरपोच येतो.

विमा घे, नाहीतर दंड भर, असा हुकूम नागरिकाला द्यायचा अधिकार कुणाचा? राज्याचा की वॉशिंग्टनचा? या प्रश्नाने अमेरिकेत निवडणुका फिरल्या, सर्वोच्च न्यायालय तीन दिवस बसलं, आणि शेवटी उत्तर असं आलं की दोन्ही बाजूंना ते नीट पचलं नाही.

[दृश्य : रात्रीची वेळ, इमर्जन्सीचं लाल पाटी असलेलं दार, रुग्णवाहिका.]

सुरुवात इस्पितळाच्या या दारापासून करू. 1986 साली रोनाल्ड रेगन राष्ट्राध्यक्ष असताना कायदा झाला : इमर्जन्सीत आलेल्या रुग्णाला तपासायचं, त्याची प्रकृती स्थिर करायची, पैसे आहेत का हे नंतर. माणुसकीचाच कायदा. पण त्या उपचाराचे पैसे कोण देणार, हे त्यात लिहिलेलं नव्हतं. बिल बुडालं की त्याचा भार विमा असलेल्यांच्या बिलांवर चढायचा.

दुसरी अडचण विम्याच्या धंद्यातच होती. आधीपासून मधुमेह किंवा कॅन्सर असलेल्याला कंपन्या दारातूनच परत पाठवायच्या. 'कुणालाही नाकारायचं नाही' असा नियम केला, तर लोक तहान लागल्यावर विहीर खणायला येणार. धडधाकट असताना हप्ता कशाला भरा, आजारी पडलो की घेऊ! न्यूयॉर्क राज्याने 1993 साली असाच नियम लागू केला, सक्तीशिवाय. स्वतःच्या खिशातून विमा घेणारे निरोगी लोक हळूहळू बाहेर पडले, हप्ते भडकले, आणि तो बाजार आक्रसत गेला.

म्हणून मग सक्ती. ही कल्पना डाव्यांच्या कारखान्यातली, असं आज कुणालाही वाटेल. पण 1989 साली ती मांडली हेरिटेज फाउंडेशन या उजव्या विचारांच्या संस्थेने. 1993 साली सिनेटमध्ये विधेयक आणलं रिपब्लिकन सिनेटर जॉन चेफी यांनी. बिल क्लिंटन यांची योजना कंपन्यांवर बोजा टाकणारी होती, तिला हा रिपब्लिकन पर्याय. प्रत्येकाने आपली जबाबदारी आपण उचलावी, फुकट कुणी जेवू नये, हा त्यामागचा सूर.

[दृश्य : बोस्टन, फॅन्युइल हॉल. जुनी छायाचित्रं.]

12 एप्रिल 2006. मॅसॅच्युसेट्सचे रिपब्लिकन गव्हर्नर मिट रॉम्नी यांनी या ऐतिहासिक सभागृहात विमासक्तीच्या कायद्यावर सही केली. बासरी-ढोलवाले आले होते, म्हणजे थाट पुरेपूर. शेजारी उभे होते डेमोक्रॅट सिनेटर टेड केनेडी. याच केनेडींकडून 1994 साली रॉम्नी सिनेटची निवडणूक हरले होते. आणि व्यासपीठावर हेरिटेजचा प्रतिनिधीही होता. अमेरिकेच्या राजकारणात असा फोटो पुन्हा निघणं कठीण.

सक्ती 1 जुलै 2007पासून लागू झाली. पहिल्या वर्षीचा दंड होता 219 डॉलर. ज्यांना परवडत नाही त्यांना राज्याचं अनुदान, ज्यांना तरीही परवडत नाही त्यांना सूट. काही वर्षांतच विमा नसलेल्यांचं प्रमाण देशात सर्वांत कमी असलेलं राज्य म्हणून मॅसॅच्युसेट्सचं नाव झालं.

राज्याने असं करणं घटनेत बसतं का? यावर फारसा वाद झालाच नाही. आरोग्य आणि सुरक्षिततेसाठी नियम करण्याचा मूळ अधिकार अमेरिकेत राज्यांचा. याच राज्यातल्या केंब्रिजमध्ये देवीची लस टोचून घ्यायला नकार देणाऱ्या एका पाद्र्याला 5 डॉलर दंड झाला होता, आणि 1905 साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला होता. विम्याच्या धंद्यावर देखरेख ठेवायचं कामही 1945 साली काँग्रेसने कायदा करून राज्यांकडेच ठेवलं.

इथे एक आडवळण घेतो, कारण त्याशिवाय ही गुंतागुंत कळत नाही. राज्यांनी नागरिकांवर सक्ती करण्यापेक्षा सरळ कंपन्यांवर का केली नाही? हवाईने केली होती. 1974च्या उन्हाळ्यात हवाईने कायदा केला : आठवड्याला 20 तास काम करणाऱ्याला मालकाने विमा द्यायचा. काही महिन्यांतच वॉशिंग्टनने पेन्शन वाचवण्यासाठी एरिसा नावाचा कायदा केला, आणि त्यातल्या एका कलमाने नोकरीतून मिळणारे विमेही राज्यांच्या हाताबाहेर गेले. हवाईचा कायदा कोर्टात पडला. 1983 साली काँग्रेसने एकट्या हवाईला सवलत दिली. बाकीच्या 49 राज्यांना ती वाट आजही जवळजवळ बंद आहे. तेव्हा मॅसॅच्युसेट्सचा मुख्य भार नागरिकाच्या टॅक्स रिटर्नवर आला, त्यामागे तत्त्वज्ञान होतं तसं हे एरिसाचं कुंपणही होतं.

[दृश्य : 2008ची प्रचारसभा. नंतर कॅपिटलची इमारत.]

2008च्या डेमोक्रॅटिक उमेदवारीच्या लढतीत विमासक्ती हवी म्हणत होत्या हिलरी क्लिंटन. विरोध कुणाचा? बराक ओबामांचा! सक्तीने प्रश्न सुटत असता तर बेघरांनाही घर विकत घ्यायची सक्ती केली असती, असं ते म्हणायचे. निवडून आल्यावर आकडेमोड समोर आली आणि त्यांनी मत बदललं. मॅसॅच्युसेट्सच्या कायद्यावर काम केलेले एमआयटीचे अर्थतज्ज्ञ जोनाथन ग्रुबर या वेळीही सल्ल्याला होते.

ऑगस्ट 2009मध्ये केनेडी वारले. 24 डिसेंबरला सिनेटने देशभर विमासक्ती आणणारं ओबामांचं विधेयक 60 विरुद्ध 39 मतांनी मंजूर केलं. आणि जानेवारीत केनेडींच्याच जागेवर मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी स्कॉट ब्राउन या रिपब्लिकन उमेदवाराला निवडून दिलं. 'हे विधेयक अडवणारं एकेचाळिसावं मत मी देईन' हा त्याचा प्रचार. गंमत अशी की राज्याच्या सिनेटमध्ये असताना ब्राउन यांनी रॉम्नींच्या कायद्याला मत दिलं होतं. राज्यात चालतं ते देशात का नको? आमच्याकडे आहेच, मग दुसऱ्यांच्या योजनेचे पैसे आम्ही का भरायचे, असा त्यांचा युक्तिवाद. घरापुरतं बघणारा, पण मतदारांना पटला.

23 मार्च 2010. ओबामांनी सही केली. शाई वाळायच्या आत, म्हणजे अक्षरशः त्याच दिवशी, फ्लोरिडा आणि आणखी 12 राज्यं कोर्टात गेली. पुढे हा आकडा 26 झाला. व्हर्जिनियाने तर वेगळाच डाव टाकला : आमच्या नागरिकावर विम्याची सक्ती करता येणार नाही, असा स्वतःचा कायदाच केला आणि त्याच्या आधारावर वॉशिंग्टनला कोर्टात खेचलं.

[दृश्य : सर्वोच्च न्यायालयाच्या पायऱ्या. फलक, गर्दी.]

आता हे तीन दिवस जरा निवांत पाहू. 26 मार्च 2012, सोमवार. पहिलाच मुद्दा 1867च्या एका कायद्याचा : कर भरल्याशिवाय त्याविरुद्ध दावा लावता येत नाही. हा दंड म्हणजे कर असेल, तर खटलाच अवेळी ठरतो. सरकारी वकील डोनाल्ड व्हेरिली म्हणाले, या कायद्यापुरता हा कर नव्हे. आणि मंगळवारी त्यांनाच उभं राहून सांगायचं होतं की घटनेच्या दृष्टीने हा करच आहे. न्यायमूर्ती अलिटो यांनी सोमवारीच त्यांना कोंडीत पकडलं : आज कर नाही म्हणता, उद्या कर आहे म्हणणार? त्याआधी 2009 साली टीव्हीवरच्या मुलाखतीत खुद्द ओबामांनी हा कर असल्याचं साफ नाकारलं होतं.

मंगळवारी ब्रोकोली आली. काँग्रेसला राज्याराज्यांतल्या व्यापारावर नियंत्रण ठेवायचा अधिकार आहे, त्यात ही सक्ती बसते, असं सरकारचं म्हणणं. विमा न घेणं हा कुठला व्यापार, असा विरोधकांचा सवाल. न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी विचारलं, अन्न तर प्रत्येकालाच लागतं, मग उद्या सरकार लोकांना ब्रोकोली विकत घ्यायला लावेल का? त्या भाजीला इतकी प्रसिद्धी याआधी मिळाली नसेल.

28 जूनला निकाल आला. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी वाचायला सुरुवात केली : व्यापाराच्या अधिकारात ही सक्ती बसत नाही. सीएनएन आणि फॉक्सने तिथेच 'सक्ती रद्द' अशी बातमी झळकवली. व्हाइट हाउसमध्ये ओबामांनीही टीव्हीवर आधी तीच पाहिली. पण निकाल संपला नव्हता. हुकूम म्हणून ही सक्ती टिकत नाही, पुढे रॉबर्ट्स म्हणाले, कर म्हणून टिकते. 5 विरुद्ध 4. विमा न घेणाऱ्याने जरा जास्त कर भरावा, एवढंच याचं स्वरूप.

राज्य आणि केंद्र यांतला फरक या निकालात लख्ख दिसतो. राज्य सरकार नागरिकाला 'हे केलंच पाहिजे' म्हणू शकतं. वॉशिंग्टन तसं म्हणू शकत नाही, ते फक्त बिल पाठवू शकतं. वकिलांना हा फरक डोंगराएवढा वाटतो. दंड भरणाऱ्याला, माझ्या मते, राईएवढाही नाही.

[दृश्य : बोस्टन, स्टेट हाउसमधलं रॉम्नींचं तैलचित्र.]

त्या साली ओबामांविरुद्ध उभे होते रॉम्नी. 'माझ्या राज्याला तो उपाय योग्य होता, सगळ्या देशावर लादणं चूक' ही त्यांची भूमिका. कागदावर ती निर्दोष आहे; राज्यांनी प्रयोग करावेत, देशाने पाहावं, असं न्यायमूर्ती ब्रँडाइस यांनी 1932 सालीच सुचवलं होतं. पण पक्षातल्यांना ती पळवाट वाटली आणि विरोधकांना लटकी. स्टेट हाउसमधल्या त्यांच्या अधिकृत चित्रात टेबलावर दोन गोष्टी आहेत : पत्नीचा फोटो आणि वैद्यकीय चिन्ह असलेली एक फाइल. ती फाइल म्हणजे 2006चा कायदा. चित्र 2009मध्ये लागलं. पुढच्याच वर्षी ओबामांची सही झाली नसती, तर ती फाइल हीच कदाचित रॉम्नींच्या प्रचाराची पताका झाली असती.

केंद्राचा दंड 2014 साली 95 डॉलरपासून सुरू झाला आणि 2016पर्यंत 695 डॉलर किंवा उत्पन्नाच्या अडीच टक्के, यांतलं जे जास्त असेल त्यावर गेला. जुलै 2017मध्ये तो रद्द करणारं विधेयक सिनेटर जॉन मॅकेन यांच्या अंगठ्याच्या एका खुणेने पडलं. पण डिसेंबरमध्ये ट्रम्प यांनी सही केलेल्या करकपातीच्या कायद्यात तेच काम उरकलं गेलं. कर म्हणून जगलेली सक्ती करकपातीतच गेली. 1 जानेवारी 2019पासून दंड शून्य.

मग राज्यं पुढे आली. मॅसॅच्युसेट्सची सक्ती चालूच होती. न्यू जर्सी आणि वॉशिंग्टन शहर 2019पासून, कॅलिफोर्निया आणि ऱ्होड आयलंड 2020पासून. न्यू जर्सी तर दंडाचा पैसा विम्याचे हप्ते आटोक्यात ठेवायला वापरते. व्हर्माँटने सक्ती केली पण दंड ठेवला नाही, म्हणजे वर्गात छडी नसलेले मास्तर. दुसरीकडे, दंड गेल्यावर देशभरातला विमाबाजार कोसळेल अशी भीती होती, ती खरी ठरली नाही. हप्त्याला मिळणारं केंद्राचं अनुदान लोकांना धरून ठेवायला पुरलं. 1993च्या न्यूयॉर्ककडे ते नव्हतं.

[दृश्य : कायद्याच्या पुस्तकाचं पान, कॅमेरा एका ओळीवर सरकतो.]

टेक्सासला मात्र शून्यावरही समाधान नव्हतं. दंडच नाही, तर हा कर कसला. आणि कर नाही, तर अख्खा कायदाच घटनाबाह्य, असा दावा त्याने इतर राज्यांना घेऊन लावला. खालच्या कोर्टात जिंकलाही. 17 जून 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 7 विरुद्ध 2 मतांनी सांगितलं की शून्य दंडाने कुणाचं काही बिघडत नाही, तेव्हा तक्रार करायचा हक्कही कुणाला नाही.

केंद्राच्या करसंहितेतलं कलम 5000ए त्यामुळे तसंच आहे. प्रत्येकाने दर महिन्याला आरोग्य विमा ठेवलाच पाहिजे, असं ते आजही बजावतं. खाली, जिथे 695 हा आकडा होता, तिथे आता छापलंय : 0 डॉलर.