भेग

(दृश्य : यावल तालुका, मे महिना)

यावलच्या शिवारात उन्हाळ्यात काळ्या जमिनीला अशा भेगा पडतात, की त्यांत कोपरापर्यंत हात जातो. पाऊस आला की हीच माती फुगते आणि भेगा मिटतात. म्हणून काळीत घर बांधताना इथले गवंडी आधी माती उकरून काढतात, मुरूम ठोकून बसवतात आणि मगच जोते उचलतात. ज्या घराला हे लाभले नाही, त्याच्या भिंतीवरचा हा तिरपा तडा पाहा. तो कुठवर सरकला हे कळावे म्हणून घरमालकाने टोकाशी पेन्सिलीने तारीख लिहून ठेवली आहे.

(दृश्य : बोगदा, अलास्का)

अलास्कातील जमीन उन्हाने नव्हे, थंडीने तडकते. फेअरबँक्सजवळ फॉक्स येथे अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांनी १९६० च्या दशकात कायम गोठलेल्या जमिनीत हा बोगदा खोदला. भिंतीतली बर्फाची पाचर नीट पाहावी. कडाक्याच्या हिवाळ्यात जमीन आकसून तडकते, वसंतात वितळलेले पाणी त्या भेगेत उतरून गोठते, पुढच्या हिवाळ्यात भेग पुन्हा तिथेच पडते, आणि शेकडो वर्षे असे चालले की केसाएवढ्या भेगेची हातभर रुंद पाचर होते. शेजारच्या मातीत हिमयुगातल्या प्राण्यांची हाडे अजून रुतलेली आहेत.

सोव्हिएत बॉम्बफेकी विमाने हेरण्यासाठी १९५७ मध्ये कार्यान्वित झालेली रडारांची साखळी अशाच गोठलेल्या जमिनीच्या भरवशावर उभी राहिली. या प्रदेशात इमारती खांबांवर उचलून घेतात आणि खालून वारा खेळता ठेवतात, कारण खोलीतली ऊब जमिनीला लागता कामा नये. ऊब आकाशातूनच येईल, हे त्या हिशेबात नव्हते. १९७९ पासून उत्तर ध्रुवाभोवतीचा आर्क्टिक प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापला आहे.

(दृश्य : ढासळता किनारा)

पाचर वितळली की जमीन खचते. समुद्र उशिरा गोठू लागल्याने शरदातल्या लाटा थेट किनारा खातात. अलास्काच्या वायव्य किनाऱ्यावरील केप लिस्बर्नच्या रडार ठाण्याला दगडी बांध घालावा लागला.

आर्क्टिकच्या संरक्षणाचा विषय निघाला की पाणबुड्यांची चर्चा फार होते, पण ठाण्यांखालची जमीन किती टिकेल हे सांगणारा, जमिनीत भोक पाडून सोडलेला तापमापक हाच संरक्षण संशोधनाचा खरा पाया, असे आम्हाला वाटते. गोठलेल्या जमिनीचा सर्वांत मोठा पसारा रशियात आहे आणि २०२२ च्या युक्रेन युद्धानंतर तिथल्या बऱ्याच नोंदी पाश्चात्त्य शास्त्रज्ञांपर्यंत पोहोचेनाशा झाल्या.

(दृश्य : हिमाद्री केंद्र, स्वालबार्ड)

भारताचे हिमाद्री हे संशोधन केंद्र २००८ पासून नॉर्वेच्या या बेटांवर आहे. १९२० च्या करारानुसार या बेटांचा युद्धासाठी वापर करता येत नाही. अशा ठिकाणी राहून काम करणाऱ्या देशाने जमिनीच्या तापमानाची नोंद सर्वांना खुली असावी, हा आग्रह आर्क्टिक देशांच्या संघटनेतील, म्हणजे आर्क्टिक परिषदेतील, आपल्या निरीक्षक आसनावरून मोठ्याने धरावा.