एका फलाटावर बस आणि रेल्वे : सिएटलच्या बोगद्याची गोष्ट

श्रोतेहो, नमस्कार.

बसमधून उतरून रेल्वेत बसायचे, किंवा रेल्वेतून उतरून बस पकडायची, तर मधल्या दोन-चार मिनिटांत प्रवाशाला नेमके काय करावे लागते, एवढ्या एका गोष्टीवरून मी कोणत्याही स्थानकाची पारख करतो. छत किती उंच आहे आणि भिंतीला फरशी कुठली लावली आहे, हे नंतर पाहता येते. आज मी तुम्हाला अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातल्या सिएटल शहराची हकिगत सांगणार आहे. तिथे जवळजवळ दहा वर्षे शहरी रेल्वे, जिला तिकडे लाइट रेल म्हणतात, आणि साधी प्रवासी बस या दोन्ही एकाच बोगद्यातून धावत होत्या आणि एकाच फलाटाला लागत होत्या. आपल्याकडील पुष्कळ मंडळी नोकरीनिमित्त सिएटल, बेलव्ह्यू, रेडमंड या पट्ट्यात राहतात, त्यांच्यापैकी काहींनी हा प्रकार डोळ्यांनी पाहिलाही असेल.

हा बोगदा मुळात बससाठी खणलेला आहे. सिएटलचा मध्यभाग एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला चढण यांच्यामध्ये चिंचोळा अडकलेला असल्यामुळे उत्तर-दक्षिण जाणारी सगळी वाहतूक मोजक्या रस्त्यांवर येते आणि संध्याकाळी बसच्या रांगा लागतात. त्यावर उपाय म्हणून थर्ड ॲव्हेन्यू आणि पाइन स्ट्रीट या रस्त्यांच्या पोटातून सुमारे दोन किलोमीटर लांबीचा दुहेरी मार्ग काढण्यात आला आणि १५ सप्टेंबर १९९० रोजी तो सुरू झाला. त्यावर पाच स्थानके होती. बंद बोगद्यात डिझेलचा धूर कोंडणार, म्हणून इटलीच्या ब्रेडा कंपनीकडून खास बनवून घेतलेल्या २३६ जोडबस, म्हणजे मधोमध सांधा असलेल्या लांब बस, आणल्या. ही बस महामार्गावर डिझेलवर धावे. बोगद्याच्या तोंडाशी चालक इंजिन बंद करी, टपावरचे दोन दांडे वरच्या तारांना लागत आणि पुढचा प्रवास विजेवर होई. बाहेर पडताना पुन्हा दांडे खाली आणि इंजिन चालू. गाडी फार जड होती आणि दुरुस्तीलाही महाग पडे, पण धुराचा प्रश्न तिने सोडवला.

पुढेमागे रेल्वे येईल म्हणून १९९० सालीच बोगद्याच्या जमिनीत रूळही घालून ठेवले होते. दूरदृष्टी म्हणून याचे कौतुक व्हायला हवे होते, पण ते रूळ कधीच वापरता आले नाहीत. विजेवरची रेल्वे तारेतून वीज घेते आणि ती रुळांवाटे परत पाठवते. रूळ जमिनीपासून नीट विलग केलेले नसतील तर ही वीज मातीत झिरपते आणि आजूबाजूच्या लोखंडी नळांना हळूहळू गंज चढवते. त्या रुळांखालचे विद्युतरोधक आवरण अपुरे होते. शिवाय दरम्यानच्या काळात खालच्या जोत्याच्या, म्हणजे आतली जमीन रस्त्याच्या जवळ असलेल्या, गाड्या आल्या होत्या आणि जुना रस्ता फलाटाच्या मानाने उंच पडत होता. म्हणून सप्टेंबर २००५ ते सप्टेंबर २००७ अशी पूर्ण दोन वर्षे बोगदा बंद ठेवून जुने रूळ उखडले, रस्ता खोल केला आणि नवे रूळ बसवले. ब्रेडाच्या गाड्याही तोवर बोगद्यातून निवृत्त झाल्या होत्या आणि त्यांच्या जागी डिझेल-विजेच्या संकरित बस आल्या होत्या.

१८ जुलै २००९ रोजी लाइट रेल सुरू झाली आणि त्याच फलाटाला बसही लागू लागली. प्रवाशाच्या दृष्टीने याहून सोपी बदली सापडणे कठीण. दक्षिणेकडून रेल्वेने आलेला माणूस वेस्टलेक स्थानकावर उतरे, फलाटावरच दहा-वीस पावले पुढे जाई आणि त्याच दिशेने उत्तरेला जाणाऱ्या ४१ क्रमांकाच्या बसमध्ये चढे. जिना नाही, रस्ता ओलांडणे नाही, आणि त्या शहरात वर्षातले सहा-सात महिने पडणारी रिपरिपही नाही. त्याच वर्षी ओर्का नावाचे कार्ड आले. ते एकदा टेकवले की दोन तासांपर्यंत आधी दिलेले भाडे पुढच्या गाडीच्या भाड्यात धरले जाते, मग गाडी बस महामंडळाची असो की रेल्वे चालवणाऱ्या दुसऱ्या संस्थेची. ओर्का हे त्या समुद्रातल्या काळ्या-पांढऱ्या देवमाशाचे नाव आहे.

मग एवढी सोय असताना बस बाहेर का काढावी लागली? याचे उत्तर मला तिकिटात सापडते.

आपल्या एसटीत किंवा बेस्टच्या बसमध्ये आपण आधी चढतो, गाडी सुटते, आणि कंडक्टर मागाहून येऊन तिकीट देतो. पैशाचा व्यवहार चालत्या गाडीत होतो, थांब्यावर होत नाही. सिएटलच्या बसमध्ये कंडक्टर नाही. चालकाच्या शेजारी पेटी असते, तीत नाणी टाकायची किंवा कार्ड टेकवायचे, आणि हे एकेकाने पुढच्या दारातून करायचे. १९७३ पासून मात्र शहराच्या मध्यभागात बसचा प्रवास फुकट होता. त्यामुळे बाहेर जाणाऱ्या बसचे भाडे चढताना न घेता उपनगरात उतरताना घेतले जाई, आणि बोगद्यातल्या स्थानकांवर माणसे सगळ्या दारांनी भराभर आत शिरत. २९ सप्टेंबर २०१२ रोजी ही फुकट प्रवासाची सवलत काटकसरीपायी संपली आणि सर्वत्र चढतानाच भाडे द्यावे, असा नियम झाला. खर्चाच्या वहीत तो निर्णय बरोबर दिसला असेलही, पण बोगद्यात त्याची किंमत मिनिटांनी मोजावी लागली.

चित्र डोळ्यांसमोर आणा. संध्याकाळी साडेपाचची वेळ. फलाटाला बस उभी आहे, पुढच्या दाराशी पंधरा-वीस जणांची ओळ. कोणाच्या कार्डात पैसे उरलेले नाहीत, म्हणून तो खिशातली नाणी चाचपतो आहे. तेवढ्यात चाकांच्या खुर्चीतला एक प्रवासी येतो. चालक दारातली उतरती फळी खाली सोडतो, त्याला आत घेतो, खुर्ची पट्ट्याने बांधतो आणि मगच आपल्या जागेवर परततो. हे सगळे योग्यच आहे, त्यात घाई करूच नये. पण तोवर त्या बसच्या मागे आणखी दोन बस आणि त्यांच्याही मागे, बोगद्याच्या काळोखात, शेकडो माणसांनी भरलेली रेल्वे दिवे लावून थांबलेली असते. रेल्वेचे भाडे मात्र प्रवाशांनी फलाटावर येण्यापूर्वीच कार्ड टेकवून भरलेले, आणि तिची सगळी दारे एकदम उघडतात. पैसे घेण्याच्या या दोन रीती एका रुळावर आल्या की वेगवान रीतीला संथ रीतीमागे रांगेत उभे राहावे लागते. २०१६ मध्ये रेल्वेचा मार्ग वॉशिंग्टन विद्यापीठापर्यंत वाढला आणि गर्दीच्या वेळी दर सहा मिनिटांनी गाडी सोडायची ठरली, तेव्हा ही अडचण झाकून ठेवणे अशक्य झाले.

पुढच्या घडामोडी थोडक्यात सांगतो. बसचे उत्तरेकडचे प्रवेशस्थानक असलेली जागा कन्व्हेन्शन सेंटरच्या विस्तारासाठी गेली आणि ते स्थानक जुलै २०१८ मध्ये बंद झाले. २३ मार्च २०१९ पासून बोगद्यातून एकही बस धावली नाही. उरलेले सात मार्ग वरच्या रस्त्यांवर आले. आता बदली करायची तर सरकत्या जिन्याने वर यायचे आणि आपली बस कोणत्या रस्त्यावर, कोणत्या कोपऱ्यावर थांबते ते शोधायचे. रेल्वे वेळेवर धावू लागली, हे खरे. बदली लांबली, हेही तितकेच खरे. मला तो निर्णय चुकीचा वाटत नाही. मात्र २०१२ मध्ये फलाटावरच भाडे घेण्याची व्यवस्था पुरेशा जोमाने उभी केली असती, तर शेवटची काही वर्षे पुष्कळ सुसह्य झाली असती, असे माझे मत आहे.

याच शहरात उलट टोकाचे उदाहरणही आहे. माउंट बेकर नावाचे स्थानक २००९ मध्येच उभे राहिले, पण बसचे केंद्र रेनियर ॲव्हेन्यू या रुंद, वर्दळीच्या रस्त्याच्या पलीकडे बांधले गेले. नकाशावर दोन्ही ठिपके एकमेकांना चिकटलेले दिसतात. प्रत्यक्षात उन्नत फलाटावरून खाली उतरायचे, सिग्नलची वाट पाहायची आणि समोर उभी असलेली बस आपण पोहोचेपर्यंत सुटेल का, याचा अंदाज करत राहायचे. तिथे जागा कमी पडली नव्हती. माणूस इकडून तिकडे कसा जाईल, हा विचार कमी पडला होता.

बोगद्यातल्या स्थानकांत बसचा काळ अजूनही दिसतो, तो दोन रुळांमधल्या मोकळ्या पट्ट्याच्या रूपाने. थांबलेल्या बसला मागच्या बसने ओलांडून जावे, म्हणून ही मधली जागा रुंद ठेवली होती. जानेवारी ते मार्च २०२० या काळात बेलव्ह्यू-रेडमंडकडच्या नव्या मार्गाचे रूळ जोडण्याचे काम निघाले, तेव्हा पायोनियर स्क्वेअर स्थानकात याच पट्ट्यावर तात्पुरता मधला फलाट बांधला गेला आणि दहा आठवडे पुढे जाणारे प्रवासी त्या फलाटाच्या एका कडेला उतरून दुसऱ्या कडेची गाडी पकडत होते. काम संपल्यावर तो फलाट काढून टाकण्यात आला, आणि जागा पुन्हा रिकामी झाली.

नमस्कार.