शेजाऱ्यांची झोपमोड नको म्हणून

(काळोख. पियानोचा एकच सूर. त्याच्यामागे लाकडाची बारीक करकर.)

हा पियानोच आहे, पण सभागृह दणाणून सोडणारा नव्हे. नीट कान द्या. सुराच्या अगदी आधी एक हलकी 'ठक' येते, ती पट्टी खाली गेल्याची. सूर विरताना काहीतरी मऊसं टेकतं, तो तारेवर परत आलेला डँपर, म्हणजे तारेची थरथर थांबवणारी गादी. आणि मधूनच ऐकू येतो वाजवणाऱ्याचा श्वास.

(रात्रीचं बर्लिन. एकाच खिडकीत दिवा.)

नील्स फ्राम या जर्मन पियानोवादकाला रात्री उशिरा वाजवायचं होतं आणि शेजाऱ्यांना त्रास द्यायचा नव्हता. त्यानं हातोड्या आणि तारा यांच्यामध्ये नमद्याचा, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीचा, पातळ पडदा सोडला. आवाज एकदम खाली आला. ध्वनिमुद्रणासाठी त्यानं मायक्रोफोन पियानोच्या पोटात, तारांना जवळजवळ टेकतील इतके आत नेले. मग सुरांबरोबर बाकीचं सगळंही आत आलं. एरवी जे आवाज गाळण्यासाठी स्टुडिओत जिवाचा आटापिटा होतो, ते त्यानं राहू दिले. २०११ साली अल्बम आला, त्याचं नावही त्या कापडाचंच: 'फेल्ट'.

पेटीच्या भात्याचा श्वास ऐकत वाढलेल्या आपल्या कानांना हे मुळीच परकं वाटत नाही.

या संगीताला 'निओ-क्लासिकल' म्हणतात. नाव जरा फसवं आहे, कारण शंभर वर्षांपूर्वी स्ट्राविन्स्की या रशियन संगीतकाराच्या संगीतालाही हेच नाव मिळालं होतं आणि त्याचा याच्याशी फारसा संबंध नाही. इथली मंडळी वेगवेगळ्या वाटांनी आली. आइसलँडचा ओलावुर आर्नाल्ड्स आधी हार्डकोर, म्हणजे दणदणीत पंक रॉकच्या, बँडमध्ये ड्रम्स वाजवायचा. माक्स रिष्टर या संगीतकारानं २०१५ मध्ये आठ तासांहून मोठी 'स्लीप' ही रचना लिहिली, तीही झोपलेल्या श्रोत्यांसाठी.

म्हणूनच असेल, पण आता हे संगीत बरेचदा कामाच्या मागे नुसतं लावून ठेवलं जातं. मला त्याची हळहळ वाटते. कारण त्यातली खरी कारागिरी अशा बारीक आवाजांतच आहे.

(पियानोचा आतला भाग, अगदी जवळून.)

हे पाहा. वरच्या पट्टीतल्या प्रत्येक सुराला तीन-तीन तारा असतात. पियानो घडवणारे डेव्हिड क्लाविन्स यांनी फ्रामसाठी 'ऊना कोर्दा' नावाचा पियानो बनवला, त्यात प्रत्येक सुराला एकच तार. आवाज सडपातळ, नाजूक.

पुढे फ्रामनं बर्लिनमधल्या फुंकहाउसात, म्हणजे पूर्व जर्मनीच्या जुन्या रेडिओ केंद्रात, आपला स्टुडिओ उभारला. २०१८ च्या 'ऑल मेलडी' या अल्बमसाठी त्याला खरा घुमारा हवा होता. त्यासाठी त्यानं काँक्रीटच्या खोल्या वापरल्या. मायोर्का बेटावरच्या एका कोरड्या विहिरीतही सूर सोडून पाहिले.

(एक साधा, भिंतीला टेकलेला उभा पियानो.)

एवढं लांब जायची मात्र गरज नाही. अशा पुष्कळ पियानोंना मधलं पेडल असतं, सरावासाठीचं. ते दाबून एका बाजूला सरकवलं की आत नमद्याची पट्टी खाली उतरते. तीही शेजाऱ्यांसाठीच केलेली सोय.

आता हाच सूर आधी पेडल सोडून ऐका.

(सूर.)

आणि आता, पेडल दाबून.

(तोच सूर. ठक. श्वास. काळोख.)