शोषखड्डा आणि वही

(पहाट. लातूर-धाराशिवच्या सीमेवरचं गाव. जिल्हा परिषदेच्या शाळेत सतरंज्या गुंडाळल्या जात आहेत. हापशाचा आवाज.)

डिसेंबरची थंडी. शिवारात तूर वाळायला लागलीय, हरभरा घाट्यात आलाय. शाळेच्या दोन वर्गखोल्यांत पन्नास पोरं-पोरी मुक्कामाला आहेत. राष्ट्रीय सेवा योजनेचं, म्हणजे एनएसएसचं, सात दिवसांचं शिबीर. आज पहिला दिवस.

ही योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात सुरू झाली. तेव्हा देशातली ३७ विद्यापीठं आणि साधारण ४० हजार विद्यार्थी तीत होते. आज नियम असा आहे: दोन वर्षांत २४० तास काम आणि एक निवासी शिबीर. आकडे पाठ करायला सोपे आहेत, पण त्या २४० तासांत माणूस कसा घडतो, ते बघायला गावातच यावं लागतं.

(गल्ली. हातात फॉर्म घेतलेली मुलगी एका उंबऱ्याशी उभी.)

ही बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय भूगोल. घरी तीन एकर कोरडवाहू. कॉलेजची पायरी चढलेली घरातली पहिलीच. "सात दिवस मुक्कामाला? परक्या गावात?" आईचा हा प्रश्न सुटायला मॅडमना दोनदा फोन करावा लागला.

उंबऱ्याच्या आत एक आजी सुपात ज्वारी निवडत बसल्यात. मुलगी फॉर्मवरचा पहिला प्रश्न वाचते. घरात माणसं किती?

आजी मान वर करत नाहीत. "कामून इचारायलीस बाई? नाव लिहून नेतेत, आन् पुन्हा कुणी फिरकत न्हाई."

हे तुसडेपण नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी हा सगळा भाग हादरला. किल्लारी आणि आसपासची गावं मातीला मिळाली, हजारो माणसं गेली. त्यानंतर या भागानं याद्या करणारे किती पाहिले, त्याला गणती नाही. काही राहिले, त्यांनी घरं उभी केली, शाळा काढल्या. त्यांची नावं लोक अजून घेतात. बाकीचे यादी घेऊन गेले, ते गेलेच.

मुलीनं फॉर्म मिटला. आजींच्या शेजारी बसली आणि ज्वारी निवडायला लागली.

अर्ध्या तासानं जे कळलं ते असं: आजींच्या न्हाणीचं पाणी शेजारच्या दारातून वाहतं. त्यावरून दोन वर्षं दोन्ही घरांचं बोलणं बंद आहे. फॉर्मवर याला रकानाच नव्हता. तिनं ते मागच्या कोऱ्या बाजूला लिहून घेतलं, आणि रात्री आपल्या वहीत उतरवलं.

(अंगण. चुन्याची चौकोनी आखणी. टिकावाचे घाव.)

सांडपाण्यावर आपल्या मराठवाड्यातच निघालेला एक साधा उपाय आहे. नांदेड जिल्ह्यात, हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावानं घरोघरी शोषखड्डे केले, उघडी गटारं बंद झाली, डास हटले आणि ही रीत जिल्ह्याच्या नावानं ओळखली जाऊ लागली. चार फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट खोल. मधोमध भोकं पाडलेली सिमेंटची टाकी, भोवतीनं दगड. गाळ टाकीत बसतो, पाणी भोकांतून दगडांत आणि तिथून जमिनीत जातं.

वरची काळी माती पोरांनी तासाभरात उपसली. खाली मुरूम लागला तसा वेग मंदावला, हाताला फोड आले. पण खरं काम खोदायचं नव्हतंच. खड्डा कुणाच्या जागेत? दगड कुणाचे? दोन दिवस ती या दारातून त्या दारात जात राहिली. एकाचं ऐकून दुसऱ्याला सांगताना कुठला शब्द गाळायचा, हे तिला तिथं कळलं. तिसऱ्या दिवशी ठरलं: जागा आजींची, दगड शेजाऱ्याच्या ट्रॉलीतून.

बायोडेटा लिहायला बसलेल्या आपल्या पोरांना विचारा, "अनुभव" या शब्दापाशी पेन का थांबतं. पुण्या-मुंबईच्या मुलांना इंटर्नशिपा मिळतात, ओळखी असतात. परभणीच्या, हिंगोलीच्या मुलाजवळ गुणपत्रिका असते आणि मुलाखतीत जीभ टाळ्याला चिकटते. हुशारी कमी पडते म्हणून नाही. अनोळखी माणसासमोर उभं राहून बोलायची वेळच त्याच्यावर कधी आलेली नसते. ती वेळ इथं येते, रोज, सात दिवस.

(ऑफिस. टेबलावर उघडी वही.)

दोन वर्षांनंतर. पाणलोटाचं काम करणाऱ्या एका संस्थेत मुलाखत. समोर तिघं. प्रश्न आला, "गावातली माणसं ऐकत नसतील तर काय कराल?" तिनं पिशवीतून वही काढली. खड्ड्याचं चित्र, दोन्ही घरांच्या अटी, तारखा. पाच मिनिटं ती बोलत होती. आज ती त्याच संस्थेत फिल्डवर आहे.

तिच्याच शिबिरात एका मुलाकडे स्वयंपाकघर होतं. पन्नास जणांचं किराणा, दूध, गॅस, आणि रोजचा हिशोब रात्री सरांपुढे. आज तो एका पतसंस्थेत काम करतो. मुलाखतीत त्यानं हेच सांगितलं होतं.

सगळ्यांचं असं होईल, हे वचन कुणी देऊ नये. सेवेनं नोकरी मिळते असं नाही. पण नोकरी मागताना सांगण्यासारखं काहीतरी पदरात पडतं. यूपीएससीच्या मुलाखतीआधी भरायच्या सविस्तर अर्जातही अभ्यासाबाहेर काय केलं ते लिहायचं असतं, आणि मंडळ त्यावरून खोदून विचारू शकतं. "एनएसएस स्वयंसेवक" एवढंच लिहिलेलं तिथं फार टिकत नाही. कुठलं गाव, किती घरं, काय अडलं, कसं सुटलं, हे लागतं. म्हणून मुलांनो, वही ठेवा. रोज चार ओळी.

आणि हेही बोललं पाहिजे. झाडू हातात, बॅनर मागे, फोटो झाला की गाडीत, अशी शिबिरं मी डोळ्यांनी पाहिली आहेत. त्यातून प्रमाणपत्र मिळतं, सांगायला काही उरत नाही. आता नव्या शैक्षणिक धोरणात अशा कामाला क्रेडिट, म्हणजे पदवीत धरले जाणारे श्रेयांक, आहेत, ही मोठीच गोष्ट आहे. पण क्रेडिट हजेरीवर वाटली गेली, तर मुलांचं नुकसान होईल आणि गावाचंही.

दुसरी गोष्ट जास्त सलते. बीड-धाराशिवकडच्या कित्येक मुलांचे आईबाप हिवाळ्यात ऊसतोडीला कारखान्यावर असतात. घर, गुरं, धाकटी भावंडं, सगळं त्या मुलावर. सात दिवस तो कुठून आणणार? अशा मुलाला त्याच्याच गावात तास मोजून काम द्या. संध्याकाळी चौथीच्या पोरांना वाचायला बसवलं, आजाऱ्याला घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात गेला, आजोबांच्या पीक विम्याचा अर्ज भरून दिला, तर ती सेवा नाही का? ज्याला अनुभवाची सगळ्यात जास्त गरज, त्यालाच शिबिराबाहेर ठेवणं मला पटत नाही.

(संध्याकाळ. दुसरं गाव. तीच मुलगी, गळ्यात संस्थेचं ओळखपत्र.)

आज तिच्या हातात पुन्हा फॉर्म आहे. पुन्हा एक उंबरा, पुन्हा एक आजी, पुढ्यात सूप. आजी विचारतात, "तू बी नाव लिहून न्यायला आलीस का?"

ती फॉर्म पिशवीत घालते. "सरका जरा आजी," म्हणते, आणि सूप आपल्याकडे ओढून घेते.