२०८ दिवसांनी पडणारा सर्व्हर

कोल्हापूर जिल्ह्यात गळीत हंगाम लागला की कारखान्याचा काटा रात्रंदिवस चालू असतोय, ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची लांबच लांब रांग, गाडीचं वजन, शेतकऱ्याचा कोड, पावती, सगळं सर्व्हरवर, आणि असल्या मशिनला कोणी रीस्टार्ट मारत नाही, चालतंय तर चालू दे.

आता ऐका. रेड हॅट एंटरप्रायझ लिनक्स ६, म्हणजे रेड हॅट कंपनीची पैसे भरून सपोर्ट मिळणारी सर्व्हरची सिस्टिम, तिच्या सुरुवातीच्या २.६.३२ कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात, एक बग होता. कर्नल नॅनोसेकंदात वेळ काढताना आधी मोठा गुणाकार करायचा, मग १०२४ नं भागायचा. मशिन सलग २०८ दिवस आणि साधारण १२ तास चाललं की तो गुणाकार ६४ बिटांत मावायचाच नाही, घड्याळ एकदम मागं जायचं आणि काही मशिन तिथंच पॅनिक, म्हणजे कर्नल हात वर करून सगळं थांबवणार. म्हणजे १ जूनला चालू केलेलं मशिन २६ डिसेंबरला पडणार, ऐन हंगामात! आणि रीस्टार्ट मारला की पुन्हा गपगुमान चालू. मग खापर कुणावर, तर लाईटवर, यूपीएसवर, रॅमवर. खरं कारण कोण शोधणार?

मूळ कर्नलमध्ये दुरुस्ती आली २०११ च्या शेवटी. पण काट्याचं सॉफ्टवेअर जुन्या सिस्टिमवर बसलेलं, नवीन कर्नल टाकला आणि ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअर चालवणारा छोटा प्रोग्रॅम, रुसला तर काटाच बंद. सपोर्टचे पैसे असतात ते इथं. व्हेंडरचे, म्हणजे रेड हॅटसारख्या कंपनीचे, इंजिनिअर तेवढीच दुरुस्ती उचलून जुन्या कर्नलमध्ये बसवतात, त्याला बॅकपोर्ट म्हणतात. नंबर २.६.३२ च राहतो, फक्त डॅशच्या पुढचा आकडा वाढतो. हे माहीत नसलं की बँकेतला ऑडिटर नुसता नंबर बघून कर्नल जुना आहे, धोका आहे असं लिहून जातो, तेव्हा त्याला पॅकेजचा चेंजलॉग, म्हणजे केलेल्या बदलांची यादी, उघडून दाखवायचा.

फुकटचं लिनक्स चालत नाही का? चालतंय की, मी स्वतः ते वापरा म्हणतो. पण सेंटओएस ८, रेड हॅटच्या सिस्टिमचीच फुकटची आवृत्ती, जे २०२९ पर्यंत चालणार म्हणून लोकांनी टाकलं, ते ३१ डिसेंबर २०२१ ला बंद झालं. त्याच्या जागी रॉकी आणि अल्मा ही तशीच फुकटची लिनक्स आली, चांगली आहेत, टेस्टिंगला, छोट्या कामाला बिनधास्त टाका. काट्याच्या आणि बँकेच्या मुख्य मशिनला मात्र सपोर्ट घ्याच, तिथं पैसे वाचवू नका.

आणि नुसता सपोर्ट घेऊन भागत नाही. सपोर्टकडं तिकीट, म्हणजे तक्रार, टाकलं की पहिला प्रश्न येतो, व्हीएमकोअर आहे का? म्हणजे पडताना मेमरीत काय होतं त्याची फाईल. ती केडंप, म्हणजे ही फाईल लिहून ठेवणारी सोय, आधीच चालू असेल तरच मिळते, मशिन पडल्यावर चालू करून उपयोग शून्य. बाहेरचा ड्रायव्हर लोड असेल तर तो काढून पुन्हा दाखवा म्हणतात, तीही तयारी ठेवा. हंगाम संपला, काटा रिकामा झाला, की बॅकअप घेऊन एकदा मुद्दाम कर्नल पाडा आणि ती फाईल डिस्कवर खरंच पडतेय का ते डोळ्यानं बघा.