मुका मार समजून चोळू नका

(चोपडा तालुक्यात आशाताई, अंगणवाडीसेविका आणि आश्रमशाळांच्या अधीक्षकांपुढे एका बालरोगतज्ज्ञांनी दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

आखाजीनंतरची, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतरची गोष्ट. झोक्यावरून पडलेली नऊ वर्षांची मुलगी आईनं पाठुंगळीला घेऊन आणली. "पोरना पाय दुखस, ताप बी उतरत नही," एवढंच ती माउली म्हणाली. पडून दहा दिवस झालेले. पहिले तीन-चार दिवस पोरीनं लंगडत का होईना, खेळून घेतलं. मग कसकस, मग ताप. गावात दोनदा तेल लावून मांडी चोळून झाली, एका दवाखान्यात कमरेत सुईही झाली. मी मांडी पाहिली तर कातडी साफ. लाली नाही, फोड नाही. हात ठेवला आणि लाकडाच्या फळीवर ठेवल्यासारखं वाटलं. आत वाटीभर पू होता.

याचं नाव पायोमायोसायटिस, म्हणजे स्नायूत पू होणं. केसतोड कातडीजवळ होतो, लाल होतो, तोंड धरतो, म्हणून कुणालाही कळतो. स्नायूभोवती मात्र जाड आवरण असतं. पू त्याच्या आत कोंडतो, ठणकतो आणि बाहेर काही दिसत नाही. 'मुका मार आहे, चोळा' हे म्हणणं म्हणूनच इतकं सहज पटतं. चोळणाऱ्या बाईला मी दोष देत नाही. सुई मारणाऱ्यालाही तेच वाटलं होतं.

एरवी स्नायूत जंतू सहसा टिकत नाहीत. जंतूला लोह लागतं आणि स्नायूतलं लोह मायोग्लोबिन या प्रथिनानं धरून ठेवलेलं असतं, असं मानतात. मार लागला, आत रक्त साकळलं, की ही कोंडी फुटते. अंगावरच्या फोडातून, खाजवलेल्या खरजेतून रक्तात शिरलेल्या जंतूला मग जागा मिळते. बहुतेक वेळा हा जंतू स्टॅफिलोकॉकस ऑरियस असतो. 1882 साली ऑग्स्टन या स्कॉटिश शल्यविशारदानं त्याला द्राक्षांच्या घडावरून नाव दिलं. रावेर-यावलला आला असता तर त्याला केळीचा घड सुचला असता, पण जंतू गोल असल्यानं मान नाशिकलाच!

आता माझीच चूक सांगतो. शिकाऊ डॉक्टर असताना एक मुलगा आला. ताप, उजवीकडे पोटात खाली दुखणं, पाय पोटाशी घेऊन पडलेला. आधी अपेंडिक्स वाटलं. मग खुब्याच्या सांध्यात पू असेल म्हणून सांध्यात दोनदा सुई घातली, कोरडी आली. तिसऱ्या दिवशी पोटाची सोनोग्राफी केली तेव्हा सापडलं : कण्यापासून मांडीपर्यंत उतरणाऱ्या सोआस स्नायूत पू होता. तीन दिवस माझ्यामुळे वाया गेले. तेव्हापासून मी एक गोष्ट करतो. पाय दुमडलेलाच ठेवून खुबा हळूच गोल फिरवतो. सांध्यात पू असेल तर मूल तेवढ्यानंही किंचाळतं. सोआसमध्ये असेल तर ते बऱ्यापैकी सोसतं, पण पाय सरळ करायला गेलं की कळवळतं. यावर शंभर टक्के विसंबू नका, पण सोनोग्राफी कुठे करायची ते यातून कळतं.

एमआरआयमध्ये सगळ्यात स्पष्ट दिसतं, पण त्यासाठी जळगाव-धुळ्याच्या वाऱ्या. सोनोग्राफीवर बहुतेक वेळा भागतं. मात्र सुरुवातीच्या दिवसांत पू झालेलाच नसतो, नुसती सूज दिसते. 'सोनोग्राफी नॉर्मल' हा कागद घेऊन घरी बसू नका. ताप असेल तर दोन दिवसांनी पुन्हा करा. रक्तात पांढऱ्या पेशी आणि सीआरपी (अंगातल्या सुजेची खूण देणारं प्रथिन) वाढतात. गंमत म्हणजे स्नायूंची म्हणून जी सीपीके तपासणी करतात, ती पुष्कळदा नॉर्मलच येते.

उपचारात क्रम महत्त्वाचा. आधी कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्यासाठी, रक्त घ्यायचं, मग अँटिबायोटिक. मूल अत्यवस्थ असेल तर अर्थात थांबायचं नाही. पू झाला नसेल तर नुसत्या औषधावर भागतं. झाला असेल तर जाड सुईनं किंवा चिरा देऊन काढावाच लागतो. कोंडलेल्या पुवात औषध नीट पोचत नाही. सेफाझोलिन किंवा क्लोक्सासिलिन शिरेतून सुरू करतात, जंतू त्यांना दाद देत नसेल तर व्हँकोमायसिन. ताप उतरला की तोंडानं, असे एकूण साधारण 3 ते 4 आठवडे. पाचव्या दिवशी मूल पळायला लागतं, आईबाप गोळ्या बंद करतात आणि पू पुन्हा भरतो. आशाताई, तुमची चक्कर खरी त्या आठवड्यात हवी.

मूल धापा टाकतंय, गुंगीत आहे, किंवा कातडी काळीनिळी पडतेय, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी 108 ला फोन करा. तो जंतू वेगळाही असू शकतो आणि तिथे हिशेब तासांचा असतो.

(एका अधीक्षकांनी विचारलं, वसतिगृहात काय करायचं?)

सर, खरूज घालवा. एकट्याच्या अंगाला मलम लावून उपयोग नाही. परमेथ्रिन हे खरजेचं मलम एकाच रात्री सगळ्या मुलांना, गळ्यापासून तळपायापर्यंत, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा, सकाळी आंघोळ, आठवड्यानं पुन्हा एकदा. त्याच दिवशी चादरी गरम पाण्यात धुऊन उन्हात टाका. उन्हाची तर आपल्याकडे टंचाई नाही.