चेक म्हणजे शरणागती नव्हे

मंडळी, जाहीर झालेला विषय आहे ‘बेट किती लावावी’, म्हणजे पोकरमध्ये पैज किती मोठी लावावी. तिकडे येतोच. पण मनात एक जुनी सल आहे, ती आधी बोलून टाकतो. ती कळली नाही तर बेटचे आकडे नुसते पाठ होतात, हाताला लागत नाहीत.

तुम्ही सगळे होल्डेम पोकर खेळणारे (प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, टेबलावर सगळ्यांचे मिळून पाच), तेव्हा नियम सांगत बसत नाही. चेक-रेझ ठाऊकच आहे: आपली पाळी आली की चेक म्हणायचं, म्हणजे काही न लावता पाळी सोडायची, आणि पुढच्याने बेट लावली की त्याच्यावर रेझ करायचा, म्हणजे ती वाढवायची. आता ज्यांच्या घरगुती खेळात याला बंदी आहे त्यांनी हात वर करा. बघा, किती हात आहेत! मला हेच खुपतं.

एका मित्रमंडळात मी बरीच वर्षं खेळलो. माणसं जिव्हाळ्याची, पण चेक-रेझ म्हणजे दगाबाजी अशी त्यांची पक्की समजूत. मला हा नियम कळला तो डाव आजही डोळ्यांसमोर आहे. हातात सत्तीची जोडी. टेबलावर बदाम राजा, इस्पिक सत्ती, चौकट तिर्री. म्हणजे माझ्याकडे तीन सत्त्या, आणि त्यातल्या दोन कुणाला दिसत नाहीत. पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, 60 चिप्स. मी बोटाने टेबलावर टकटक केलं, चेक. शेजारच्याने 40 लावल्या. मी 140 मोजून पुढे सरकवल्या, तोच यजमानाने तळहात आडवा धरून माझी चवड परत लोटली. “चेक म्हणालास ना? मग आता फार तर कॉल कर, त्याच्याएवढ्याच लाव.” सगळ्यांनी माना डोलावल्या. तो डाव मी जिंकलो, त्यामुळे चिप्सचं दुःख नाही. दुःख आहे ते त्या टेबलावर पुढे जे होत गेलं त्याचं.

चेकनंतर रेझ करता येणार नाही म्हटल्यावर चांगला हात, म्हणजे चांगले पत्ते, असलेला माणूस चेक करीलच कशाला? तो आधीच बेट लावणार. मग चेक कोण करणार? ज्याच्या हातात काही नाही तोच. थोड्याच दिवसांत ‘चेक’ या शब्दाचा अर्थ ‘माझ्याकडे काही नाही’ असा होऊन बसला. सगळ्यात शेवटी बोलणाऱ्याची चंगळ झाली. सगळ्यांनी चेक केलं की तो पत्ते न बघताही बेट लावायचा आणि पॉट उचलायचा. 60 च्या पॉटवर 30 लावल्या तर तीनातून एकदा सगळ्यांनी पत्ते टाकले तरी त्याचं नुकसान होत नाही, आणि इथे तर जवळजवळ प्रत्येक वेळी टाकत होते. शेवटी बोलणाऱ्याला समोरच्यांची चाल बघायला मिळते, हा त्याचा फायदा आधीच मोठा असतो. आधी बोलणाऱ्याला त्यावर एकच चांगला उतारा आहे, आणि त्या नियमाने नेमका तोच काढून घेतला.

म्हणून मी म्हणतो, चेक-रेझचं खरं काम चिप्स ओढणं हे नाहीच. चेकला वजन देणं हे त्याचं काम आहे. माझ्या दहा चेकमध्ये दोन दमदार हात दडलेले असतील, तर उरलेल्या आठ चेकनाही संरक्षण मिळतं. समोरचा बेट लावण्याआधी जरा थांबतो. ते थांबणं मला फुकटात पुढचा पत्ता दाखवतं. यात फसवणूक कसली? चेक म्हणजे ‘सध्या लावत नाही’, एवढंच मी बोललो होतो.

घड्याळाकडे बोट दाखवलं जातंय, तेव्हा जाहीर केलेला विषय भराभर उरकतो. अर्ध्या पॉटची बेट आली तर तोटा होऊ नये म्हणून कॉल करणाऱ्याला 25 टक्के वेळा जिंकावं लागतं, पूर्ण पॉटची आली तर 33, दुप्पट आली तर 40. शेवटच्या पत्त्यानंतर लावणाऱ्याचं प्रमाणही यातूनच निघतं: पूर्ण पॉट लावताना दोन खऱ्या हातांमागे एक ब्लफ (हातात काही नसताना मारलेली थाप), अर्धा लावताना तीन खऱ्यांमागे एक. ब्लफ कुठल्या हातांनी करायचा? गणितज्ञ फॉन नॉयमन यांनी अर्थशास्त्रज्ञ मॉर्गेनस्टर्न यांच्याबरोबर लिहिलेल्या 1944 च्या खेळांच्या गणितावरच्या ग्रंथात पोकरवर वेगळा भाग आहे. तिथलं उत्तर असं, की बेट सर्वोत्तम आणि अगदी टाकाऊ हातांनी लावावी, मधल्यांनी चेक करावं. त्या मधल्या हातांच्या चेकला आधार कुणाचा, ते आता तुम्हाला सांगायला नको.

पत्ते यायचे बाकी असतील तर सेमी-ब्लफ, म्हणजे पुढे जुळू शकणाऱ्या हातावर केलेला ब्लफ. फ्लॉपवर, म्हणजे टेबलावरचे पहिले तीन पत्ते उघडल्यावर, फ्लशला (एकाच चिन्हाचे पाच पत्ते) एक पत्ता कमी असेल, तर पुढच्या पत्त्यावर तो साधारण 19 टक्के वेळा जुळतो, दोन पत्त्यांत मिळून 35 टक्के. म्हणजे समोरच्याने पत्ते टाकले नाहीत तरी हातात काहीतरी उरतं.

शेवटचं एकच उदाहरण. 2003 च्या जागतिक स्पर्धेत अंतिम दोघे उरले होते, क्रिस मनीमेकर आणि सॅमी फरहा. मनीमेकरकडे इस्पिक राजा आणि सत्ती. चौथ्या पत्त्यावर फ्लश आणि स्ट्रेट (ओळीने पाच पत्ते) दोन्ही एकेका पत्त्यावर आलेले, तेव्हा त्याने रेझ केला. पाचवा पत्ता आला तिर्री, काहीच जुळलं नाही. फरहाकडे नव्वीची जोडी होती आणि त्याने चेक केलं. त्या चेकवर मनीमेकरने होत्या नव्हत्या त्या सगळ्या चिप्स पुढे लोटल्या. फरहा बराच वेळ विचार करत बसला, आणि जिंकणारे पत्ते त्याने टाकून दिले.